मांजर लठ्ठ झाले आहे? उपाशी न ठेवता वजन कसे उतरवावे

आपल्याकडच्या साध्या देशी मांजराचे वजन पूर्ण वाढ झाल्यावर साधारण 3 ते 5 किलो असते. बोका थोडा जड, मादी हलकी. योग्य वजनापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त भार असेल तर मांजर लठ्ठ समजतात. म्हणजे 4 किलोचे असायला हवे ते मांजर 5 किलोचे झाले, तर तो एक किलो म्हणजे 60 किलोच्या माणसाने 15 किलो चढवण्यासारखे आहे. अशा मांजराला मधुमेह, सांधेदुखी आणि लघवीच्या तक्रारी होण्याची शक्यता वाढते. शेपटीजवळचे अंग त्याला चाटून साफ करता येत नाही, मग तिथले केस गुंतून गाठी होतात.

उपाय सांगण्याआधी एक इशारा. "दोन दिवस काही घालू नका, आपोआप उतरेल" असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. माणूस उपवास करतो तसा लठ्ठ मांजराला सोसत नाही. खाणे एकदम थांबले की अंगातली चरबी वेगाने यकृतात जाऊन साठते आणि यकृत काम करेनासे होते. दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानेही हे सुरू होऊ शकते आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मांजर दगावते. म्हणून वजन उतरवायचे ते मोजून, सावकाश आणि रोज खायला घालूनच.

खरेच लठ्ठ आहे का?

तुमचा पंजा पालथा पसरा आणि दुसऱ्या हाताचे बोट त्यावरच्या हाडांवरून फिरवा. मांजराच्या बरगड्या हाताला साधारण तशाच लागल्या पाहिजेत. त्या शोधायला बोट दाबावे लागत असेल तर चरबी जास्त आहे. मग मांजर उभे असताना वरून पाहा. बरगड्यांच्या मागे कंबर थोडी आत गेलेली दिसायला हवी. मागच्या पायांमध्ये लोंबणारी कातडीची घडी मात्र बऱ्याच सडपातळ मांजरांनाही असते, तिच्यावरून ठरवू नका. अंग बारीक आणि फक्त पोट फुगलेले असेल तर ती चरबी नसून जंत, गाभण असणे किंवा पोटात पाणी साठणे असू शकते. ते डॉक्टरांनाच तपासू द्या.

वजनासाठी किराणा दुकानातला किंवा दूध संकलन केंद्रावरचा इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. मांजराला झाकणाच्या टोपलीत किंवा कापडी पिशवीत ठेवून तोला आणि टोपलीचे वजन वजा करा. दर वेळी काटा तोच वापरा.

खाणे नेमके कुठून जास्त होते?

बहुतेक घरांत उत्तर दुधात सापडते. म्हशीच्या 100 मिली दुधात सुमारे 100 ते 115 कॅलरी असतात. साडेचार किलो हे ज्याचे योग्य वजन आहे, त्या मांजराला वजन उतरवताना दिवसभरात जवळपास 215 कॅलरी पुरतात. म्हणजे सकाळी एक वाटी आणि संध्याकाळी एक वाटी दूध दिले की दिवसाचा सगळा हिशेब तिथेच संपला. त्यावर कुस्करलेली भाकरी, मटणाचे तुकडे, मुलांच्या हातचे बिस्कीट हे सगळे वरचे. एका ग्लुकोज बिस्किटात 20-25 कॅलरी असतात. भूम, कुंथलगिरीकडच्या खव्याच्या भट्ट्यांभोवती वाढणाऱ्या मांजरांचे तर विचारू नका. खवा म्हणजे आटवलेले दूध, त्याच्या सुपारीएवढ्या 10 ग्रॅमच्या गोळीत 40 कॅलरी असतात.

मांजराला दूध लागतेच, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पिल्लाला आईचे दूध लागते. मोठ्या मांजराला पाणी लागते. वय वाढल्यावर अनेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि पातळ शी होते. मांजर पक्के मांसाहारी आहे. डोळे आणि हृदय नीट राहण्यासाठी लागणारे टॉरिन त्याला मांस-मासळीतून मिळते, दूध-भाकरीतून पुरेसे मिळत नाही. त्यामुळे दूध-भाकरीवरचे मांजर लठ्ठ असूनही कुपोषित असू शकते.

नसबंदी झालेल्या मांजराकडे जास्त लक्ष द्या. शस्त्रक्रियेनंतर त्याची कॅलरीची गरज 20 ते 30 टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. हे कारण सांगून नसबंदी टाळू नका, ताटलीतले माप कमी करा.

घरात कोण काय घालते, हे आठवडाभर एका वहीत लिहा. पहाटे आजी, दुपारी सून, शाळेतून आल्यावर मुले, रात्री जेवताना आजोबा. प्रत्येकाला वाटते आपण थोडेसेच घातले. शेजारीही विचारा. वाड्यावस्तीवरचे मांजर दोन-तीन घरचे पाहुणे असते आणि प्रत्येक घरात ते उपाशी असल्यासारखे ओरडते. आजीला "घालू नका" म्हणण्यापेक्षा दिवसाचे मोजलेले खाणे तिच्याच हाती देऊन "यातूनच घाला" म्हटलेले जास्त चालते.

काय आणि किती घालावे

पहिल्या दोन आठवड्यांत दूध रोज थोडे कमी करत, पाणी वाढवत बंद करा. बिस्कीट, फरसाण, खवा लगेच बंद. मांजराचे तयार कोरडे खाद्य देत असाल तर पाकिटावर 100 ग्रॅममागे किती कॅलरी आहेत ते पाहा. 380 असतील तर वरच्या मांजराला दिवसाला सुमारे 55 ग्रॅम पुरे. वाटीने अंदाज चुकतो, म्हणून एकदा काट्यावर मोजून वाटीवर खूण करा. नवे खाद्य सुरू करताना आठ-दहा दिवस जुन्यात मिसळून वाढवत न्या.

तयार खाद्य परवडत नसेल तर बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडलेले चिकन (हाडे काढून) आणि मधूनमधून उकडलेले अंडे हा पाया ठेवा. 100 ग्रॅम चिकनमध्ये सुमारे 150 ते 165 कॅलरी, एका अंड्यात 70-75. काळीज आठवड्यातून एकदा थोडे ठीक, रोज नको. नुसत्या मांसात कॅल्शियम कमी पडते, म्हणून महिनोन्महिने घरचेच द्यायचे असेल तर पूरक औषध डॉक्टरांना विचारून घ्या. रश्श्यात कालवलेले कधीच नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

दिवसाचे माप चार वेळा विभागून द्या. पहाटे ओरडून उठवले तरी लगेच घालू नका, नाहीतर ओरडले की मिळते हे ते शिकते. शेवटचा हिस्सा झोपताना ठेवला तर पहाट थोडी शांत जाते. दोन मांजरे असतील तर वेगळ्या खोलीत जेवू घाला. ऊन उतरल्यावर दहा-दहा मिनिटे खेळवा, कागदाचा बोळाही पुरतो. दोरा नको, तो गिळला तर आतड्यात अडकतो. उंदरांचे म्हणाल तर शिकारीची खोड भुकेवर अवलंबून नसते, पोट भरलेले मांजरही उंदीर धरते.

किती वेगाने उतरावे?

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. 6 किलोच्या मांजराचे 30 ते 60 ग्रॅम. दीड किलो उतरायला सहा महिने ते वर्ष लागेल. दर दोन आठवड्यांनी तोला. महिनाभरात काहीच उतरले नाही तर आधी वही पाहा, मग माप दहा टक्के घटवा. आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर खाणे वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी जावे

सुरुवातीलाच एकदा तपासून घ्या. खाज किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही भूक वाढते, ते आवर्जून सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. खूप खाऊनही मांजर वाळत चालले असेल, सारखे पाणी पीत आणि लघवी करत असेल तर तो मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असू शकतो. त्यासाठी रक्त तपासावे लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सोय नसेल तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवण्याविषयी डॉक्टरांना विचारा. माणसांच्या वजनाच्या गोळ्या किंवा घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

लठ्ठ मांजराने 24 तास काही खाल्ले नाही तर त्याच दिवशी दाखवा. उलट्या, गळून पडणे, लाळ गळणे, किंवा हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसणे ही यकृत बिघडल्याची लक्षणे आहेत. रात्र असली तरी थांबू नका. निघताना मांजराने शेवटचे केव्हा आणि काय खाल्ले ते लिहून सोबत न्या.