आजीव सभासदाचा राजीनामा

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणारे आजीव सभासद हाच तिचा खरा ठेवा. परंतु बाहेरची कामे व मिळकत यांवरून सभासदांत मतभेद विकोपाला गेले आणि १८९० मध्ये टिळकांनी प्रदीर्घ राजीनामापत्र लिहिले. दहा वर्षांच्या सहवासाची अखेर कागदावर झाली. संस्था वाढली, पण संस्थापक दुरावला.

आपल्या मंडळांचे जुने सभासद तर राजीनामाही देत नाहीत. ते येईनासे होतात. वर्गणीचे स्मरणपत्र आणि शेवटी दुखवट्याचा ठराव, एवढाच आपला त्यांच्याशी पत्रव्यवहार. मधल्या काळात एकदा तरी त्यांच्या घरी जाऊन त्यांचे म्हणणे ऐकावे.