कोण आहेत जॅक रीड? शाळेतल्या कामगाराचा मुलगा, कॅप्टन, वकील आणि अमेरिकी सिनेटच्या लष्करी समितीचे माजी प्रमुख

अमेरिकेच्या संरक्षण खर्चाची बातमी आली की जॅक रीड हे नाव हमखास कानावर पडतं. रीड हे ऱ्होड आयलंड या राज्याचे सिनेटर. अमेरिकेतलं हे सगळ्यात लहान राज्य, आपल्याकडच्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षाही छोटं. पण तिथल्या सिनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला दोनच जागा असतात. त्यामुळे एवढ्याशा राज्याच्या माणसालाही वजन येतं.

रीड यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९४९ चा. वडील शाळेत साफसफाई आणि देखभालीचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताचीच. १९६७ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला. तिथलं शिक्षण सरकारी खर्चानं होतं, त्याबदल्यात काही वर्षं फौजेत नोकरी करावी लागते. १९७१ ला ते अधिकारी होऊन बाहेर पडले. त्यानंतर हार्वर्ड विद्यापीठातून सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये दाखल झाले. विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्यांची ही तुकडी. तिथं त्यांनी आधी प्लाटून आणि पुढं कंपनी सांभाळली.

नंतर वेस्ट पॉइंटलाच शिकवायला गेले आणि १९७९ मध्ये कॅप्टन असताना राजीनामा दिला. वय तिशीच्या आसपास. या वयात पुन्हा वही-पेन घेऊन वर्गात बसणं सोपं नसतं, हे फौजेतून परत आलेला कोणीही सांगेल. पण रीड हार्वर्डमध्ये कायदा शिकायला बसले आणि १९८२ ला पदवी घेतली. थोडे दिवस राजधानी वॉशिंग्टनमध्ये वकिली केली आणि मग गावाकडं परतले.

राजकारणात ते पायरी पायरीनं चढले. पक्ष डेमोक्रॅटिक. १९८४ ला राज्याच्या सिनेटवर, १९९० ला देशाच्या प्रतिनिधीगृहात (म्हणजे आपल्या लोकसभेसारखं) आणि १९९६ ला सिनेटवर निवडून आले.

खरी परीक्षा झाली ऑक्टोबर २००२ मध्ये. इराकवर हल्ला करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना द्यायचा की नाही, यावर सिनेटमध्ये मतदान झालं. न्यूयॉर्कच्या इमारतींवरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष झालेलं, लोक चिडलेले. विरोध केला की देशद्रोही म्हणवून घ्यायची तयारी हवी, असं वातावरण होतं. त्यात रीड यांची स्वतःची निवडणूक नोव्हेंबरमध्ये, म्हणजे महिन्याच्या आत. ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. विरोधातल्या २३ जणांत हे माजी कॅप्टन होते. मतदारांनी मात्र त्यांना सहज निवडून दिलं. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. ज्या महाविनाशक शस्त्रांच्या नावानं ते पुकारलं, ती शस्त्रं सापडलीच नाहीत, आणि अमेरिकेचे चार हजारांवर सैनिक तिथं गेले. इराकी माणसं किती मेली याचा तर हिशोबच वेगळा.

विरोधात मत दिलं म्हणून रीड घरी बसले नाहीत. इराक आणि अफगाणिस्तानात ते अनेकदा जाऊन आले. जुलै २००८ मध्ये बराक ओबामा निवडणुकीच्या धामधुमीत तिकडं गेले, तेव्हाही रीड सोबत होते.

संरक्षणमंत्री म्हणून त्यांचं नाव बऱ्याचदा चर्चेत आलं. २०१४ ला चक हेगल यांनी राजीनामा जाहीर केला तेव्हाही आलं, पण रीड यांनी सिनेटमध्येच राहायचं ठरवलं. अमेरिकेत मंत्री झालं की संसदेची जागा सोडावी लागते. आपल्यासारखं आमदारही आणि मंत्रीही, असं तिथं चालत नाही.

२०२१ ते जानेवारी २०२५ या काळात ते सिनेटच्या सशस्त्र सेना समितीचे अध्यक्ष होते. सिनेटमध्ये बहुमत बदललं आणि अध्यक्षपद रिपब्लिकन पक्षाच्या रॉजर विकर यांच्याकडं गेलं. त्यानंतर समितीत विरोधी बाजूचे प्रमुख सदस्य म्हणून रीड काम पाहू लागले. फौजेच्या वार्षिक खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्याचा सिनेटचा मसुदा हीच समिती तयार करते. २०२३ या आर्थिक वर्षासाठी हा आकडा सुमारे ८५८ अब्ज डॉलर होता. राष्ट्राध्यक्षांनी संरक्षणमंत्री म्हणून कोणाचंही नाव सुचवलं, तरी त्या माणसाला आधी याच समितीपुढं बसून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.