कालिया मर्दन आणि कोकणातला ट्रिकसीन

राजापूर तालुका मागे टाकून महामार्ग सिंधुदुर्गात शिरतो, तेव्हा पहिले मोठे गाव लागते ते खारेपाटण. इथून दक्षिणेकडे सावंतवाडीपर्यंत दशावतार या लोकनाट्याचा मुलूख पसरला आहे. कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर पडदा लागतो, बाकडे मांडले जाते, पेटी, पखवाज आणि झांज यांचा सूर जुळतो आणि मध्यरात्रीनंतर आख्यान रंगू लागते. अलीकडच्या जाहिरातींवर त्यासोबत एक शब्द ठळकपणे छापलेला असतो: ‘ट्रिकसीनयुक्त’. रंगीत उजेड, धूर, अचानक उघडणारे पडदे, तुटून पडणारे मस्तक, फणा काढणारा नाग हे सारे या एका शब्दात येते. जुन्या वळणाचे रसिक त्यावर नाराज असतात. चित्रपटातले चमत्कार रंगभूमीवर घुसले आणि दशावताराची साधी, उत्स्फूर्त संवादांची परंपरा झाकोळली, असे त्यांचे म्हणणे असते.

इतिहास पाहिला तर ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झालेली आहे. मराठी माणसाने पडद्यावर पहिले मोठे चमत्कार घडवले, तेव्हा त्याने विषय घेतला तो जत्रेत रात्रभर चालणाऱ्या पुराणकथांचाच. त्या चमत्कारांचा सर्वांत भरीव नमुना आज पाहायला मिळतो तो दादासाहेब फाळके यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये. हा चित्रपट म्हणजे एका आधीच्या यशस्वी चित्रपटाचा पुढचा भाग.

आधीचा चित्रपट होता ‘श्रीकृष्ण जन्म’. फाळके यांनी १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी केली आणि त्याच वर्षी तो मुंबईत झळकला. आज त्याची जेमतेम काही मिनिटे उरली आहेत, पण तेवढ्यातही दोन दृश्ये पाहणाऱ्याला थांबवतात. भयाने पछाडलेल्या कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगत जाते, हे एक. नदीच्या पाण्यातून नागावर उभा राहिलेला बालकृष्ण वर येतो, हे दुसरे. हे दुसरे दृश्य क्षणभराचे आहे. पुढच्याच वर्षी फाळके यांनी त्या क्षणाचा पूर्ण चित्रपट केला. पहिल्या भागातली एक प्रतिमा उचलायची, तिच्यामागची कथा सांगायची आणि प्रेक्षकाला जे ओझरते दाखवले ते मनसोक्त पाहू द्यायचे, ही पुढच्या भागाची रीत आज जगभरच्या चित्रपटउद्योगाची आहे. आपल्याकडे ती शंभर वर्षांपूर्वी नाशिकमध्ये वापरली गेली.

फाळके यांना चमत्कार घडवण्याची विद्या आयती मिळालेली नव्हती. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण आणि छपाई हे धंदे केले. जादूचे प्रयोगही केले. त्यासाठी आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि तंत्र घेऊन आल्यावर त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टप्प्याटप्प्याने चित्रित केले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. काळ आवळता येतो, हे फाळके यांनी आधी एका रोपावर सिद्ध केले आणि मग ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाकडे वळले.

जादूगार आणि कॅमेरा यांची ही जोडी त्याआधीच पॅरिसमध्येही जमली होती. जॉर्ज मेलिएस हा स्वतःचे जादूचे थिएटर चालवणारा माणूस. चालू कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची आणि पुन्हा चालू करायचा. एकाच फितीवर दोनदा चित्रण करायचे. काळ्या पार्श्वभूमीवर शरीराचा एखादा भाग झाकून टाकायचा. या युक्त्यांवर त्याने १९०२ मध्ये चंद्रावरच्या स्वारीचा चित्रपट केला. तो जगातल्या पहिल्या विज्ञानपटांमध्ये धरला जातो. १९०४ मध्ये त्याने आणखी मोठी झेप घेतली आणि थेट सूर्यात शिरणारी आगगाडी दाखवली. विज्ञानपट आणि पौराणिक चित्रपट ही दोन वेगळी घराणी मानली जातात. त्यांची हत्यारे मात्र सुरुवातीला एकच होती. मेलिएसने जी कात्री तोफगोळ्यातून चंद्रावर जाण्यासाठी वापरली, तीच फाळके यांनी कंसाच्या मस्तकासाठी वापरली.

‘कालिया मर्दन’ची सुरुवात आजच्या प्रेक्षकालाही चकित करते. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर येते फाळके यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. ती आनंद, राग, रडू असे भाव एकामागून एक चेहऱ्यावर आणते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कृष्णाच्या वेषात जाते. फाळके आधी नटी दाखवतात, मग देव. सोंग कोणी घेतले आहे हे लपवण्याची त्यांना गरज वाटत नाही. दशावताराच्या प्रेक्षकाला हे ओळखीचे वाटेल. दिवसा गावात भेटलेला माणूस रात्री स्वतःच्या हाताने रंग लावून पार्वती होतो, हे जत्रेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि तरीही तो उभा राहिला की हात जोडले जातात. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळके यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. सहा वर्षांनंतर एक मुलगी कृष्ण झाली आणि तिने सगळा चित्रपट खांद्यावर पेलला.

चित्रपटाचा पहिला भाग गोकुळातल्या खोड्यांचा आहे. लोणी पळवणारी पोरांची टोळी, एका धनिकाच्या घरात रात्री शिरून झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधणारा कृष्ण, यशोदेकडे येणाऱ्या तक्रारी. यात चमत्कार जवळपास नाहीत. आहे तो हालचालीतला खट्याळपणा आणि मंदाकिनीचा मोकळा चेहरा. मग कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि फाळके यांची खरी करामत सुरू होते. पाण्याखाली कालियाशी झुंज चालू असते, काठावर यशोदा आणि गावकरी आकांत करतात आणि चित्रपट या दोन ठिकाणांमध्ये येरझारा घालतो. खाली काय होते आहे हे आपल्याला दिसते, काठावरच्यांना दिसत नाही. चमत्काराचा परिणाम निम्मा त्या घाबरलेल्या चेहऱ्यांमधून येतो. बनवलेला नाग आज बनवलेलाच दिसतो, पण आकांत खोटा वाटत नाही. पहिल्यांदा पाहताना लक्ष नागाकडे जाते. पुन्हा पाहताना ते काठावर जाते.

हीच गोष्ट विज्ञानपटांच्या चाहत्यांनी एका फार वेगळ्या पुढच्या भागाबाबत अनुभवली आहे. जेम्स कॅमेरॉनचा ‘टर्मिनेटर २’ १९९१ मध्ये आला तेव्हा वितळून आकार बदलणाऱ्या धातूच्या माणसाची चर्चा जगभर झाली. संगणकाने घडवलेली ती दृश्ये सव्वादोन तासांच्या चित्रपटात काही मिनिटांचीच आहेत. बाकीचे काम स्टॅन विन्स्टनच्या बाहुल्यांनी आणि रंगभूषेने केले. जिथे एकच माणूस दोन ठिकाणी दिसायचा होता, तिथे कॅमेरॉनने जुळी भावंडे उभी केली. नायिका लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीणही त्यात आहे. सर्वांत आधुनिक म्हणून गाजलेल्या चित्रपटात इतकी हातची युक्ती आहे, हे कळल्यावर तो पुन्हा पाहण्याची गोडी वाढते. कथा माहीत असते, शेवट माहीत असतो, आणि म्हणूनच कारागिरीकडे नजर जाते.

मराठी भूमीत फाळके यांच्यानंतर ही कारागिरी थांबली नाही. कोल्हापूरला स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात कंपनीने १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये वैकुंठगमन दाखवले आणि १९४० च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये भिंत चालवली. मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये काळ्या पार्श्वभूमीवर काळा दोरा वापरून अदृश्य माणसाचा भास निर्माण केला, लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणू लागले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पीटर परेरा यांनी पुढे १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’त अदृश्य नायक साकारला. वाटाण्याच्या रोपापासून अदृश्य करणाऱ्या मनगटी यंत्रापर्यंतची ही वाट बहुतेक महाराष्ट्रातल्याच स्टुडिओंमधून गेली आहे.

आता पुन्हा खारेपाटण. या गावाची ओळख इतिहासाच्या अभ्यासकांना एका ताम्रपटामुळे आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा हा लेख शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा. शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला. अव्वेश्वराच्या मंदिरासाठी दिलेल्या दानात परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण आहे आणि सेवेसाठी दासी, तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबेही आहेत. बंदरात परमुलखातून माल उतरायचा आणि त्याचा वाटा देवळापाशी पोहोचायचा. दूरचे जे येईल ते देवळाच्या अंगणात सामावून घेण्याची सवय या किनाऱ्याला हजार वर्षांची आहे. दशावताराने पेटी घेतली, विजेचे दिवे घेतले, ध्वनिक्षेपक घेतला. ट्रिकसीन हा त्याच यादीतला पुढचा माल आहे. उत्स्फूर्त संवाद, पखवाजावरची युद्धनृत्ये आणि संकासुर या पात्राची लाल जीभ यांना त्याने धक्का लावला तर तक्रार जरूर करावी. पण ज्या आख्यानात काठावरचा आकांत खरा आहे, तिथे नागाच्या फण्यावर दिवा लावल्याने काही बिघडत नाही.

‘कालिया मर्दन’ आज आपल्याकडे आहे तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले शिल्पकार पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडे उरलेल्या फिती मिळवल्या, तुकडे क्रमाने लावले आणि चित्रपट पुन्हा उभा केला. पाऊण तासाहून थोडा अधिक असा तो आता पाहता येतो. मूकपट आहे, त्यामुळे संगीत दर वेळी नव्याने देता येते. त्या काळी तसेच होत असे, पडद्याजवळ बसलेले वादक पेटी-तबल्यावर साथ करत.

म्हणून सिंधुदुर्गातल्या नाट्यमंडळांना, देवस्थानांना आणि शाळांना एक विनंती. दशावताराची रात्र पहाटे दहीहंडी फोडून संपते, म्हणजे कृष्णाची लीला या अंगणाला परकी नाही. एखाद्या जत्रेत आख्यानाआधी पांढरा पडदा लावावा, ‘कालिया मर्दन’ दाखवावा आणि साथीला मंडळाचेच पेटीवाले, पखवाजी आणि झांजवाले बसवावेत. खर्च थोडा आहे, वादक गावातच आहेत, आणि मंदाकिनी फाळके यांचा कृष्ण पाहून गावातली सात वर्षांची मुले काय म्हणतात ते ऐकण्यासारखे असेल.