कवळीचं माप आणि जपानी शेवाळ

माप घेताना तोंडात दाबलेल्या गुलाबी लगद्याने ओकारी येते, ही दंतवैद्याकडची नेहमीची तक्रार. एकोणिसाव्या शतकातल्या पेशंटच्या तोंडात याच कामासाठी ओलं प्लास्टर ऑफ पॅरिस जाई.

त्याआधी मेण होतं. फ्रेडरिक द ग्रेटचा दंतवैद्य फिलिप फाफ याने मेणाच्या ठशात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती करण्याची रीत १७५६ साली लिहून ठेवली. मेण बाहेर काढताना थोडंफार वाकतंच. पण हस्तिदंताची कवळी शेवटी कोरून-घासूनच बसवायची, त्यामुळे ते खपून जाई. १८५१ नंतर कडक रबराच्या, म्हणजे व्हल्कनाइटच्या स्वस्त कवळ्या आल्या. त्या प्रतिकृतीवरच घडत, तेव्हा मापातली चूक थेट हिरडीला टोचू लागली.

प्लास्टर माप नेमकं घेई, पण दगडासारखं घट्ट होई. दात हिरडीपाशी निमुळता आणि वर फुगीर असतो. अशा दाताभोवती आवळून बसलेलं प्लास्टर निघणार कसं? दंतवैद्य त्यावर चाकूने चिरा पाडत, तोंडातच त्याचे तुकडे करत आणि मग टेबलावर ते एकेक जुळवत बसत. लंडनच्या चार्ल्स स्टेंटने १८५७ मध्ये गरम पाण्यात मऊ होणारं मिश्रण आणलं. बोळक्या तोंडाला ते उत्तम. दात असले की अडचण तीच.

हवा होता लवचीक पदार्थ. तो अगारमध्ये सापडला, आपल्याकडे पुडिंगला वापरतात तेच चायना ग्रास. व्हिएन्नाच्या आल्फोन्स पोलरने १९२५ मध्ये त्यावर आधारित ठशाचा पदार्थ आणला. अगारची गंमत अशी की वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, पण घट्ट होतं ते चाळीस अंशांच्या आसपास. या मधल्या फरकामुळेच ते तोंडात घालता आलं, तेही नळीतून गार पाणी फिरणाऱ्या ट्रेमधून!

अगारचा मोठा पुरवठा जपानचा. महायुद्धात तो तुटला आणि उरलेल्या साठ्यावर जंतू वाढवणाऱ्या प्रयोगशाळांचाही हक्क होता. मग तपकिरी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट पुढे आलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून ई. सी. सी. स्टॅनफर्डने ते १८८०च्या दशकातच वेगळं केलं होतं. दातांच्या मापासाठी त्याचं पेटंट घेतलं इंग्लंडच्या विल्यम वाइल्डिंगने, १९४०च्या दशकात.

अल्जिनेट थंडीने नव्हे, रासायनिक क्रियेने घट्ट होतं. पावडरीत पाणी पडलं की कॅल्शियम सल्फेटमधलं कॅल्शियम सुटं होतं आणि अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींत अडकवू लागतं. हे लगेच झालं तर लगदा वाटीतच थिजेल. म्हणून थोडं फॉस्फेट मिसळतात. कॅल्शियम आधी त्याच्याशी जुळतं. फॉस्फेट संपेपर्यंत घोटायला आणि ट्रे बसवायला उसंत मिळते. कोमट पाणी घातलं की ही उसंत घटते. घट्ट झाल्यावरही ट्रे हळूहळू हलवत काढायचा नाही, एका झटक्यात काढायचा. सावकाश ओढलेलं अल्जिनेट फाटतं.

युद्ध संपलं, पण अल्जिनेट टिकलं. त्याला उकळण्याची यंत्रणा नको. रबरी वाटी आणि चमचा पुरे. खोड एकच. उघडं ठेवलं तर पाणी सुटून ते आक्रसतं, पाण्यात बुडवलं तर फुगतं, म्हणून प्लास्टर लगोलग ओतावं लागतं. कॅप आणि ब्रिजच्या बारीक कामात याच खोडीमुळे पुढे सिलिकोनने त्याची जागा घेतली.