जगन्नाथ शंकरशेट यांचें इ. स. १८४७ चें भिन्नमत

वांगणी या नांवाचीं दोन गांवें जुन्या ठाणें जिल्ह्यांत होतीं. एक कल्याणाहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील. दुसरें जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांतील, जो मुलूख इ. स. २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. पहिल्या वांगणीवरून आगगाडीचा रस्ता इ. स. १८५६ सालीं खोपोलीकडे गेला. दुसऱ्या वांगणीच्या बाजूस, जव्हार-मोखाड्यांत, तो अद्यापि पोहोंचलेला नाहीं. ज्या पुरुषाच्या चरित्राचा विचार आम्ही येथें करणार आहों, त्याच्या कार्याचें मोजमाप घेण्यास हीं दोन गांवें उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून त्यांचा उल्लेख आरंभीं केला आहे.

तो पुरुष म्हणजे मुंबईचे सुप्रसिद्ध सावकार व व्यापारी जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना. त्यांच्या लोकसेवेविषयीं लिहितांना देणग्यांची व संस्थांची यादी देण्याचा प्रघात आहे. ती यादी मोठी आहे व खरीही आहे. परंतु पैसा देणारे धनिक त्या काळच्या मुंबईंत पुष्कळ होते. नानांची विशेष सेवा आमच्या मतें एका टिपणांत सांठविलेली आहे. तें टिपण १ मे १८४७ चें असून त्यासाठीं त्यांस एक रुपयाही खर्चावा लागला नाहीं. खर्ची घालावी लागली ती पत.

ही पत कशी आली हें प्रथम पाहिलें पाहिजे. नानांचें घराणें ठाणें जिल्ह्यांतील मुरबाडचें, ज्ञातीनें दैवज्ञ, आडनांव मुरकुटे. अठराव्या शतकांत तें मुंबईस येऊन स्थिरावलें. कोटांतील गनबाव स्ट्रीट हें नांव त्यांचे पूर्वज गणबाशेट यांच्यावरून पडलें असें सांगतात. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. वडील शंकरशेट १८२२ सालीं वारले, तेव्हां नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. विशींत प्रवेश करण्यापूर्वींच पेढीचा सारा भार त्यांच्या शिरावर आला. अरब व अफगाण व्यापारी आपली रोकड बँकेंत न ठेवतां नानांच्या हवालीं करीत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. परमुलखांतील माणसानें केवळ शब्दावर पैसा सोंपवावा, ही व्यापाऱ्याची खरी मिळकत होय. पुढें सरकारदरबारीं व लोकांत नानांच्या शब्दास जें वजन आलें, त्याचा पाया या पेढीवर घातला गेला होता.

ज्या वर्षीं वडील गेले त्याच १८२२ सालीं, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे गव्हर्नर असतां, मुंबईंत देशी लोकांसाठीं शाळा व शालेय पुस्तकें काढणारी एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढें नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली. नाना तरुणपणींच तिच्या कारभारांत शिरले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस व सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे या मंडळीचे चिटणीस होते. त्या वेळीं मुलांच्या हातीं देण्यास छापील मराठी पुस्तकें जवळजवळ नव्हतींच. तीं लिहविणें, भाषांतरणें, छापणें आणि शिकविण्यास शिक्षक तयार करणें हें सर्व काम या मंडळीस मुळापासून करावें लागलें. गणिताचीं पुस्तकें मराठींत आणण्यांत जर्व्हिससाहेबांचा हात होता. बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारखा विद्वान् याच मंडळीच्या आश्रयानें पुढें आला. एल्फिन्स्टन परत जाण्याच्या सुमारास त्यांच्या स्मरणार्थ लोकांनीं दोन लाखांवर रुपये जमविले व त्यांतून एल्फिन्स्टन विद्यालयाचा उगम झाला. त्या कामींही नाना अग्रभागीं होते.

हा तपशील देण्याचें कारण असें कीं, १८४७ सालीं नाना देशी भाषांच्या बाजूनें बोलले तें अभिमानाच्या लहरींत बोलले, अशी कोणाची समजूत होऊं नये. मराठींतून शिकवितां येतें कीं नाहीं, याचा जमाखर्च त्यांनीं पंचवीस वर्षें स्वतः पाहिला होता.

इ. स. १८४० सालीं सोसायटीचें काम सरकारनें नेमलेल्या शिक्षणमंडळाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेलें. त्यांत तीन जागा एतद्देशीयांस होत्या. इ. स. १८४३ पासून सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे अध्यक्ष झाले. पेरीसाहेब शिक्षणाचे द्वेष्टे नव्हते. मात्र पैसा थोडा आहे, तेव्हां तो वरच्या वर्गांस इंग्रजीच्या द्वारें उत्तम शिक्षण देण्याकडे लावावा, आणि ज्ञान तेथून आपोआप खालीं झिरपेल, अशी त्यांची धारणा होती. १८४७ च्या आरंभीं हा वाद मंडळांत उघडपणें उभा राहिला. कर्नल पदास चढलेले जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूनें उभे राहिले, आणि नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहीम मकबा हे तिघेही एतद्देशीय सभासद त्यांस मिळाले. एक हिंदु, एक पारशी व एक मुसलमान, तिघांची जन्मभाषा एक नव्हे. तरी तिघांचें मत एक झालें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

नानांच्या टिपणाचा भावार्थ असा: इंग्रजी विद्येविषयीं मला पूर्ण आदर आहे व ज्यांस तीसाठीं सवड व साधन आहे त्यांनीं ती अवश्य संपादावी. परंतु असे लोक मूठभर. सर्वसाधारण जनतेस उपयुक्त ज्ञान द्यावयाचें असेल तर तें पश्चिम हिंदुस्थानच्या स्वतःच्या भाषांतूनच दिलें पाहिजे. या कामीं देशी भाषा इंग्रजीहून अधिक समर्थ आहेत.

यावर एक आक्षेप तेव्हांही संभवत होता व आजही घेतला जातो. नानांनीं स्वतः इंग्रजीचा लाभ घेतला, एल्फिन्स्टन विद्यालयास हातभार लावला, मुलांस इंग्रजी शिकविलें. मग इतरांस मात्र मराठीवर कां ठेवावें? आक्षेप सबळ आहे, पण आमच्या मतें तो टिपणास लागू पडत नाहीं. नानांनीं इंग्रजीचें दार कोणास बंद करण्याची सूचना केली नाहीं. ज्ञान आधीं कोणाकडे जावें व सरकारी पैसा कोणत्या वाटेनें जावा, एवढाच मुद्दा होता. किंबहुना ज्याचा धंदा, पाहुणचार व प्रतिष्ठा हीं सर्व इंग्रज अधिकाऱ्यांच्या स्नेहावर वाढूं शकत होतीं, त्यानें न्यायाधीशाच्या विरुद्ध लेखी मत नोंदवावें, यांत त्याचा कोणता स्वार्थ होता?

निकाल स्पष्ट लागला नाहीं. सरकारचें उत्तर १८४८ सालीं आलें तें उभय पक्षांस आपापल्या सोयीचा अर्थ काढतां येण्यासारखें होतें, आणि पेरीसाहेब १८५२ पर्यंत अध्यक्ष असल्यानें मंडळाचा कल इंग्रजीकडेच राहिला. पुढें १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यांत उच्च शिक्षण इंग्रजींतून व बहुजनसमाजाचें शिक्षण देशी भाषांतून, अशी विभागणी मान्य झाली. नानांचा पक्ष अर्धा जिंकला व अर्धा हरला, असें म्हणणें युक्त होईल.

टिपणानंतरच्या अठरा वर्षांत नानांनीं जें केलें, त्यांतही हेंच सूत्र दिसतें. १८४९ सालीं स्टुडंट्स लिटररी ॲण्ड सायंटिफिक सोसायटीनें मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हां लोकनिंदेची पर्वा न करतां नानांनीं गिरगांवांतील आपल्या वाड्याच्या आवारांत एका शाळेस जागा दिली. सोनापूर येथील हिंदूंची स्मशानभूमि हलविण्याचा घाट पडला असतां त्यांनीं लोकांचें गाऱ्हाणें पुढें मांडलें. २६ ऑगस्ट १८५२ रोजीं बाँबे असोसिएशन स्थापन झाली, ती पार्लमेंटपुढें प्रजेचीं दुःखें मांडण्याकरितां. नाना तिचे अध्यक्ष होते. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत एकवीस मैल धांवलेल्या पहिल्या आगगाडीमागें, १८४५ पासून चाललेल्या ज्या खटपटी होत्या, त्यांत सर जमशेटजी जिजीभाई यांच्याबरोबर नानांचें नांव येतें. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्यावरही संशय घेण्यांत आला. तो निराधार ठरला. त्याच सालीं निघालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत ते होते. पुढें ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत बसले. ३१ जुलै १८६५ रोजीं, मुंबईंतील शेअरांचा बाजार कोसळून महिना होतो न होतो तोंच, त्यांचें देहावसान झालें.

आतां दोष. नानांची मंडळी धनिकांची होती. बाँबे असोसिएशनच्या बैठकींत शेतकरी वा कारागीर बसत नव्हता. ‘सर्वसाधारण जनता’ या शब्दांत डोंगरांतील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी यांचा समावेश त्यांच्या मनांत कितपत होता, हें त्या टिपणावरून ठरवितां येत नाहीं. जव्हार तर तेव्हां मुकणे घराण्याचें संस्थान होतें. तें १८४८ सालीं मुंबईच्या शिक्षणमंडळाच्या कक्षेंत नव्हतेंच, आणि मुंबई राज्यांत विलीन झालें तें बरोबर शंभर वर्षांनीं, १९४८ सालीं. शिवाय तेथील मुलाची घरची बोली पुस्तकी मराठीहून बरीच वेगळी. म्हणजे जो न्याय नानांनीं इंग्रजीविरुद्ध मराठीस मागितला, तोच न्याय हें मूल मराठीपाशीं मागूं शकतें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व नंतर कोसबाडास पाड्यांवरील मुलांची शाळा मुलांच्याच अंगणांत नेली, तेव्हां कळत वा नकळत हेंच तत्त्व एक पाऊल पुढें गेलें, असें आम्ही समजतों.

नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलांत आहे. नाना चौक आहे. आणि शालान्त परीक्षेंत संस्कृतांत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास त्यांच्या नांवची शिष्यवृत्ति मिळते. संस्कृताचा हा मान योग्यच आहे. तथापि ज्यानें लोकभाषांसाठीं आपली पत पणास लावली, त्याचें नांव विद्यार्थ्यांच्या ओठीं केवळ संस्कृतामुळें राहावें, हा इतिहासाचा विलक्षण न्याय होय. आगगाडी लोहमार्गावरील वांगणीस मिळाली. डोंगरांतील वांगणीचें नानांशीं नातें जुळलें तर तें आगगाडीनें जुळणार नाहीं, त्या टिपणानें जुळेल. आणि तेथील मुलास त्याला समजणाऱ्या शब्दांत पहिला धडा मिळेल, तेव्हांच १८४७ चा वाद मिटला असें म्हणतां येईल.