एका शेअरचा अंदाज
कायद्याच्या शेवटच्या वर्षाला मी एक वही केली होती. डावीकडे करविवादातली तथ्यं, उजवीकडे निकाल. नवा खटला आला की त्याच्या सर्वांत जवळचा जुना शोधायचा आणि भाकीत करून मोकळं व्हायचं. हिच्या जोरावर नोकरी मिळेल असंही वाटायचं!

व्होडाफोननं वही बंद पाडली. २००७ मध्ये केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एक शेअर विकला गेला आणि हचचा भारतातला मोबाइल धंदा व्होडाफोनकडे आला. आयकर खात्यानं सुमारे ११ हजार कोटी मागितले. वहीत जवळचे दोन निकाल होते: १९८५चा मॅकडॉवेल, कर टाळण्याच्या युक्त्यांवर कडक, २००३चा आझादी बचाव आंदोलन, मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीला अभय देणारा. मी मॅकडॉवेलवर बोट ठेवलं. २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयही खात्याच्या बाजूनं गेलं, तेव्हा मी हवेत होतो.

२० जानेवारी २०१२ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. सौदा सुटा करून बघायचा की अखंड, हा रकानाच माझ्या वहीत नव्हता.

त्याच वर्षी संसदेनं कायदा १९६२पासून मागे जाऊन बदलला. २०२१मध्ये ती मागणी सोडूनही दिली. या दोन्हींसाठी कुठला रकाना आखायचा?