मूठभर तांदळावर उभा राहिलेला दवाखाना



फौजेत आजारपणाच्या खर्चाची चिंता आम्हाला कधी करावी लागली नाही. निवृत्तांसाठीही 2003 पासून ईसीएचएस आहे. कार्ड दाखवा, उपचार घ्या. पण ज्याच्याकडे ना कार्ड, ना पैसा, त्याने कुठे जायचं? मी राहतो त्या रायपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी धरली, की बिलासपूरच्या पुढे चांपा लागतं. तिथे या प्रश्नाचं एक उत्तर आहे.

सदाशिवराव कात्रे हे झाशीला रेल्वेत नोकरी करणारे मराठी गृहस्थ. त्यांना कुष्ठरोग झाला आणि ओळखीची दारं बंद झाली. उपचारासाठी ते छत्तीसगडातल्या बैतलपूरच्या मिशन रुग्णालयात आले. पुढे 1962 मध्ये त्यांनी चांपाजवळ सोठी गावी कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. भारतीय कुष्ठ निवारक संघ तो हाच. भांडवल नव्हतं. कात्रे गावोगाव फिरून घरटी मूठभर तांदूळ मागत.

अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन सुरू केलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभारलं. दोघांचं काम डोंगराएवढं. कात्र्यांचं वेगळेपण एवढंच, की ते स्वतः रुग्ण होते. मदत मागणारा आणि मदत करणारा इथे एकच माणूस होता.

सत्तरच्या दशकात त्यांना साथ मिळाली दामोदर गणेश बापट यांची. हे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे. दवाखान्याच्या जोडीला शेती आली, गोपालन आलं, मुलांसाठी वसतिगृह आलं. 2018 मध्ये बापटांना पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचा देह बिलासपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

कुणी विचारेल, आता धर्मादाय मदतीची गरज काय? बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये केली. ही औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात. खरं आहे. औषधाने जंतू मरतात, पण बधिर झालेला पाय बधिरच राहतो. खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते. मग महिनोन्महिने ड्रेसिंग, मऊ तळव्याची चप्पल, दोन वेळचं जेवण आणि डोक्यावर छप्पर लागतं. आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयाचं बिल भरतो. घराबाहेर काढलेल्या माणसाला घर देणं कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. ते काम सोठीने केलं.

डिसेंबर 2005 मध्ये देशाने कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आणलं. छत्तीसगड मात्र त्यानंतरही त्या रेषेच्या वरच राहिलं. म्हणून दोन गोष्टी सांगतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. आणि दान द्याल, तेव्हा औषधाच्या पलीकडचा खर्च विचारा. ड्रेसिंगचा, चपलेचा, तांदळाचा. पावती फाडताना तो सहसा कुणाला आठवत नाही.